ओलीस मातेचा पुत्र

दिल्लीच्या दर्यागंजात, जुन्या शहराच्या तटाजवळ, झीनत-उल-मसाजिद नावाची तांबड्या दगडाची मशीद आहे. औरंगजेबाची कन्या झीनतउन्निसा हिने ती अठराव्या शतकाच्या आरंभी बांधविली. नोकरीनिमित्त राजधानीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांचे त्या बाजूने जाणे-येणे घडत असेल. दिल्ली आणि मराठे असे शब्द एकत्र आले, की आपल्याला १७३७ सालची बाजीरावाची धडक आठवते, १७६० मध्ये लाल किल्ला घेणारे भाऊसाहेब आठवतात, बादशाहीची सूत्रे हाती धरणारे महादजी शिंदे आठवतात. परंतु या शाहजादीच्या छत्राखाली एक मराठा राजपुत्र लहानाचा मोठा झाला आणि पुढे त्याची आई याच दिल्लीत कित्येक वर्षे ओलीस होती, हे सहसा आठवत नाही. मराठ्यांची फौज १७१८-१९ साली दिल्लीस आली तेव्हा तिच्या मागण्यांत चौथाई आणि सरदेशमुखी होती. आणि त्यांच्याबरोबर आणखी एक मागणी होती, ती म्हणजे राजाची आई परत द्यावी.

तो राजपुत्र म्हणजे छत्रपती शाहू महाराज आणि ती माता म्हणजे संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई. शाहू महाराजांविषयी इतिहासकारांचे मत पुष्कळ काळ काहीसे आखडत्या हाताचे राहिले. सौम्य, शिकारीचे शौकीन, मोगलांच्या सहवासाने मऊ पडलेले, कर्तबगार पेशव्यांच्या पाठीमागे झाकले गेलेले, असे त्यांचे चित्र रंगविण्यात आले. रियासतकार सरदेसाई यांनी, बडोद्यात सेवा करीत असतानाच ज्या इतिहाससाधनेला आरंभ केला तिच्यातून, शाहू महाराजांना बराच न्याय दिला. तथापि त्यांच्या सौम्यपणाचे मूळ कोठे होते, हा प्रश्न उरतोच. आईबापांवर कोसळलेले संकट मुलाच्या अंगी कसे उतरते, आणि तो मोठा झाल्यावर पत्नी, पुत्र, आप्त आणि सेवक यांच्याशी असलेल्या त्याच्या नात्यांना कोणता आकार देते, या दृष्टीने शाहू महाराजांच्या आयुष्याकडे पाहिले, तर ज्याला आपण दुबळेपणा म्हणतो त्याची एक निराळी संगती लागते.

या घराण्यात मूल मागे ठेवून जाण्याचा प्रसंग पूर्वीही आला होता. १६६६ साली आग्र्याहून निसटल्यावर शिवाजी महाराजांनी नऊ वर्षांच्या संभाजीराजांना मथुरेस ठेवले, आणि पाठलाग चुकविण्यासाठी ते वारल्याची बातमी उठविली. राजकारण म्हणून ही युक्ती अचूक ठरली, आणि मुलगा सुखरूप घरी आला. परंतु आई दोन वर्षांचा असताना गेलेली, आणि नवव्या वर्षी परमुलखात बापाने मागे ठेवलेला, असा तो मुलगा होता. पुढे १६७८ साली तो बापाला सोडून दिलेरखानाच्या गोटात गेला आणि वर्षभराने परतला. या दोन घटनांना एका दोरीत बांधण्याचा मोह आवरला पाहिजे. त्यांच्या मध्ये गृहकलह आणि वारशाचा तंटा उभा आहे. इतके मात्र म्हणता येईल, की राज्य वाचविण्यासाठी जी किंमत मोजावी लागते तिच्यात पोरांचाही वाटा असतो, हे भोसल्यांच्या घराने फार लवकर अनुभवले होते.

१६८९ सालाने हा अनुभव शतगुणित केला. फेब्रुवारीच्या आरंभी संगमेश्वर येथे संभाजी महाराज पकडले गेले. त्यांची धिंड काढण्यात आली, अनन्वित हाल करण्यात आले, आणि ११ मार्च रोजी त्यांचा वध झाला. येसूबाईंचे माहेर शिर्क्यांचे; आणि शिर्के मोगलांस मिळालेले. एका बाजूने पतीचा असा अंत, दुसऱ्या बाजूने माहेरचा आधार तुटलेला, आणि समोर रायगडाला पडणारा वेढा. शाहू महाराजांचा जन्म १८ मे १६८२चा. त्या वेळी त्यांना सातवे वर्ष लागलेले होते. बापाचे काय झाले हे त्या वयाच्या मुलाला कोणी सविस्तर सांगत नाही. परंतु गडावरच्या माणसांची तोंडे त्याला वाचता येतात.

या क्षणी येसूबाईंनी जो निर्णय घेतला, त्याला मराठ्यांच्या इतिहासात तोड नाही. राजघराण्यातील सर्व माणसांनी एकाच किल्ल्यावर अडकून पडणे धोक्याचे होते. दीर राजाराम महाराज यांनी बाहेर पडावे, गरज पडल्यास दूर जावे, आणि राज्य चालू ठेवावे. आपण मुलाला घेऊन रायगडावर राहू, असे त्यांनी ठरविले. एप्रिलमध्ये राजाराम महाराज गडावरून निसटले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि मायलेक मोगलांच्या हाती गेले. राज्य जिंजीच्या तटामागे जिवंत राहिले ते या निर्णयामुळे. स्वतःचा मुलगा शत्रूच्या हाती जाऊ शकतो हे उघड्या डोळ्यांनी पाहून आईने धाकट्या दिरास वाट करून दिली. आणि पुढे त्याच दिराच्या विधवेने त्या मुलाचा हक्क नाकारला. शाहू महाराजांच्या पुढील वागण्यातला प्रत्येक धागा या गाठीपर्यंत येऊन पोहोचतो.

साडेसतरा वर्षे ते बादशहाच्या छावणीत होते. औरंगजेबाने त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. वागणुकीत उघड क्रौर्य नव्हते. झीनतउन्निसेची त्यांच्यावर माया जडली. छावणी दक्षिणेत हिंडत होती, त्यामुळे ज्या डोंगरांवर आपली माणसे लढत आहेत ते डोंगर मुलाला कित्येकदा दुरून दिसत असतील. ज्या पुरुषाच्या आज्ञेने बापाचा वध झाला तोच पुरुष घरातल्या आजोबांसारखा समोर वावरत होता, आणि त्याचीच मुलगी प्रेमाने विचारपूस करीत होती. अशा स्थितीत द्वेष आणि जिव्हाळा यांच्या सीमा ठळक राहत नाहीत. १७०३च्या सुमारास त्यांच्यावर धर्मांतराचे संकट आले, तेव्हा सेनापती प्रतापराव गुजरांच्या दोन पुत्रांनी त्यांच्याऐवजी धर्म बदलून ते टाळले, असे सांगितले जाते. म्हणजे पंचविशीच्या आतच या तरुणाच्या खाती इतरांच्या त्यागाची केवढी थोरली रक्कम जमा झाली होती! बापाने प्राण दिला होता, आईने स्वातंत्र्य दिले होते, गुजरबंधूंनी धर्म दिला होता. ज्याच्यासाठी इतरांनी इतके गमावले, त्याला पुढे कोणाचे काही हिरावून घेणे जड जाते, यात नवल ते काय?

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब वारला, आणि मे महिन्यात आज्जमशहाने शाहू महाराजांना दक्षिणेत जाऊ दिले. परंतु आई, कुटुंब आणि सावत्र बंधू मदनसिंग यांना त्याने ठेवून घेतले. मुलगा सुटला तो आईला जामीन ठेवून. घराकडे निघालेल्या त्या तरुणाच्या प्रत्येक पावलामागे आईची ओलीस वाढत होती. पुढे मोगलांशी उघड वैर करण्यास त्यांनी जी अनिच्छा दाखविली, तिची कारणे नेहमी छावणीतल्या संस्कारांत शोधली जातात. वाटेत त्यांनी औरंगजेबाच्या कबरीचे दर्शन घेतले, ही खाफीखानाने नोंदविलेली गोष्ट त्यासाठी पुढे केली जाते. परंतु ज्याची आई बादशहाच्या ताब्यात आहे, त्या पुत्राने बादशाही विरुद्ध तलवार उपसावी कशी, हा साधा विचार त्या चर्चेत मागे पडतो.

याच प्रवासात मराठवाड्यातील पारद गावी एक प्रसंग घडला. तेथील पाटील लोखंडे याने शाहू महाराजांच्या तुकडीला विरोध केला; चकमक झाली आणि पाटील मारला गेला. त्याच्या विधवेने आपले लहान मूल महाराजांपुढे आणून ठेवले आणि अभय मागितले. महाराजांनी त्या मुलाला उचलून घेतले, पहिल्या विजयाची खूण म्हणून त्याचे नाव फत्तेसिंग ठेवले, आणि पुत्राप्रमाणे वाढविले. हाच पुढे अक्कलकोटच्या राजघराण्याचा मूळपुरुष झाला, आणि १७४०-४१च्या कर्नाटकातील मोहिमेत रघूजी भोसल्यांबरोबर त्याने सेनापतित्व केले.

राजे लोक अनाथांना आश्रय देतात, त्यात अपूर्व काही नाही. परंतु येथे घटनेचा आकार पाहावा. बाप मारला गेला आहे. आई मुलाला घेऊन विजेत्यासमोर उभी आहे. आणि त्या मुलाचे पुढे काय व्हावयाचे हे विजेत्याच्या एका शब्दावर अवलंबून आहे. अठरा वर्षांपूर्वी रायगड पडला तेव्हा नेमके हेच घडले होते, आणि त्या वेळी मुलाच्या जागी शाहू महाराज स्वतः होते. आता ते औरंगजेबाच्या जागी उभे होते. त्यांनी मुलाला ठेवून घेतले, परंतु ओलीस म्हणून नव्हे. त्याला आपले कुळनाम दिले, घर दिले आणि दौलत दिली. आपल्यावर जे गुदरले त्याची पुनरावृत्ती समोर आली असता तिच्यातले विष काढून तिला वेगळे वळण देणे, हे थोड्यांनाच साधते. छावणीतून सुटून आलेल्या त्या तरुणाने राज्यावर बसण्यापूर्वीच ते साधले.

फत्तेसिंगाला आईची माया दिली ती विरूबाईने. महाराजांचे विवाह छावणीतच झाले. त्या वेळी बादशहाने नववधूस पाहण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा खऱ्या वधूऐवजी तिच्याबरोबर आलेल्या विरूबाईस पुढे पाठविण्यात आले, अशी हकिगत रियासतीत येते. यानंतर ती महाराजांची झाली ती कायमची. राणीचा किताब तिला नव्हता, परंतु साताऱ्याच्या राजवाड्यातील व्यवस्था तिच्या हाती होती. १७४०च्या अखेरीस ती वारली, आणि त्यानंतर महाराजांचे मन संसारात व राज्यात पूर्वीसारखे रमले नाही. बंदिवासात जी सोबत मिळाली तिच्याइतका विश्वास नंतरच्या वैभवात मिळालेल्या कोणत्याही नात्यावर बसला नाही. जे पारतंत्र्यात बरोबर होते तेच आपले, ही भावना अशा माणसांच्या ठिकाणी खोल असते. आणि जी माणसे त्या काळाची भागीदार नाहीत, ती कितीही जवळची असली तरी उंबऱ्याच्या अलीकडेच राहतात.

सातारच्या मार्गावर आणखी एक घाव बसावयाचा होता. आपण राज्याचे वारस आहोत असे कळविणाऱ्या शाहू महाराजांना ताराबाईंनी तोतया ठरविले. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेड येथे लढाई झाली; धनाजी जाधव महाराजांना मिळाले, आणि १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ज्या राज्यासाठी आईने स्वातंत्र्य सोडले, त्याच राज्याच्या दारात मुलाला तू तो नव्हेस असे सांगण्यात आले. या अपमानाचा सूड त्यांनी उगवला असता तर कोणी दोष दिला नसता. कोल्हापुरास वेगळी गादी झाली. १७१४ साली तेथे राजसबाईंनी ताराबाईंना कैदेत टाकले. आणि १७३० साली कोल्हापूरकरांच्या पराभवात ताराबाई शाहू महाराजांच्या हाती आल्या. महाराजांनी त्यांना सन्मानाने साताऱ्यास ठेवून घेतले. लढाईत सापडलेल्या स्त्रियांचे काय करावयाचे, हे ज्याने आपल्या आईच्या रूपाने पाहिले होते, त्याच्याकडून दुसरे काही होणे शक्य नव्हते. १७३१ साली वारणेच्या तहाने चुलतबंधू संभाजी यांना कोल्हापूरचे स्वतंत्र राज्य मान्य करण्यात आले.

मातेच्या सुटकेला १७१९ साल उजाडावे लागले. सय्यद बंधूंच्या मदतीस गेलेल्या मराठी फौजेबरोबर बाळाजी विश्वनाथ दिल्लीस पोहोचले. फर्रुखसियर पदच्युत झाला त्या धामधुमीत शहरात दंगल उसळली आणि पुष्कळ मराठे मारले गेले. त्यांत नाना फडणिसांचे आजोबा बाळाजी महादेव भानू हेही होते. अखेर सनदा हाती पडल्या आणि येसूबाई मोकळ्या झाल्या. त्याच वर्षी त्या साताऱ्यास पोहोचल्या. रायगड पडल्याला एकोणतीस वर्षे होऊन गेली होती, आणि मुलाला सोडून बारा. विधवा आईने ज्याला गडावरून खाली आणले होते, तो मुलगा आता सदतीस वर्षांचा छत्रपती होता.

यानंतर वर्षाच्या आतच, एप्रिल १७२० मध्ये, बाळाजी विश्वनाथ वारले. दरबारातील वडीलधाऱ्या मंडळींचा विरोध असताना महाराजांनी पेशवाईची वस्त्रे एकोणीस वर्षांच्या बाजीरावाला दिली. या निवडीमागे बाजीरावाच्या गुणांची पारख होती हे खरेच. परंतु जो गृहस्थ आपल्या आईला दिल्लीहून परत घेऊन आला, त्याच्या मुलाला दारातून परत पाठविणे शाहू महाराजांना कसे जमले असते? बापाचे पद मुलाकडे चालविण्याची त्यांची रीत केवळ पेशव्यांपुरती नव्हती. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. महाराजांनी त्यांची आई उमाबाई यांचे सांत्वन केले, बाजीरावाकडून त्यांची क्षमा मागविली, आणि सेनापतिपद त्यांच्याच धाकट्या मुलास, यशवंतरावास, दिले. बाप गेला म्हणून मुलाचे स्थान जाऊ नये, हा त्यांचा जणू राजधर्मच होता. अष्टप्रधानांची पदे वंशपरंपरागत झाली त्याला अनेक राजकीय कारणे आहेत. तरी त्यांत या राजाच्या बालपणाचे एक कारण मिळविले पाहिजे. शिवाजी महाराज पदे फिरवू शकत, कारण त्यांच्या दृष्टीने पद ही राज्याची वस्तू होती. नातवाच्या दृष्टीने ते एका घराचे छप्पर होते.

या गुणाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हे केवळ स्तोत्र होईल. जो कोणालाच दूर करू शकत नाही, त्याला निवडही करता येत नाही. सकवारबाई आणि सगुणाबाई या दोन राण्यांमधील वैमनस्य साताऱ्यात सर्वश्रुत होते. महाराजांनी त्याचा निकाल कधी लावला नाही. पुत्र जगला नाही. फत्तेसिंग पुत्रवत असला तरी भोसल्यांच्या रक्ताचा नव्हता. कोल्हापूरच्या संभाजींकडे मन वळत नव्हते. वर्षांमागून वर्षे गेली, आणि वारसाचा प्रश्न शेवटच्या आजारापर्यंत लोंबकळत राहिला. त्या वेळी ताराबाईंनी, आपला एक नातू गुप्तपणे वाढविला आहे, असे सांगून रामराजाला पुढे आणले, आणि महाराजांनी तो स्वीकारला. ज्या चुलतीने आपल्याला तोतया म्हटले होते, तिच्याच शब्दावर त्यांनी वारस घेतला! १५ डिसेंबर १७४९ रोजी त्यांचा अंत झाला, आणि सकवारबाई सती गेल्या. पुढे वर्षभरातच, नोव्हेंबर १७५० मध्ये, ताराबाईंनी रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले आणि हा आपला नातू नव्हेच असे जाहीर केले. तोतयेपणाचा जो आरोप १७०७ मध्ये एका बंदिवासातून आलेल्या तरुणावर झाला होता, तोच त्रेचाळीस वर्षांनी त्याच्या दत्तकावर झाला. छत्रपतींच्या हातून सत्ता गेली ती या घटनेने. आणि तिची जबाबदारी, निवडीचा क्षण पुढे पुढे ढकलणाऱ्या राजाकडेही जाते.

आईबापांचे दुःख मुलांत कसे उतरते, याचा शास्त्रीय विचार अलीकडचा आहे. नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या आईबापांच्या मुलांविषयीची निरीक्षणे १९६६ साली कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ व्हिव्हियन रॅकॉफ यांनी प्रसिद्ध केली. पुढे इस्राएल आणि अमेरिका येथे या विषयाचा मोठा अभ्यास झाला. स्वतः छावणी न पाहिलेल्या मुलांनाही आईबापांच्या मौनाचे ओझे वाहावे लागते, वियोगाची धास्ती त्यांच्या विवाहात आणि संसारात डोकावते, आणि आपण कोणाच्या तरी गमावण्याची भरपाई आहोत असे त्यांना वाटू शकते, ही गोष्ट त्यांतून पुढे आली. परंतु तितक्याच मुलांच्या ठिकाणी असामान्य सहानुभूती आणि चिवटपणाही दिसू शकतो, आणि सर्वांना एका साच्यात बसविता येत नाही, हेही त्याच अभ्यासाने शिकविले. शाहू महाराजांच्या बाबतीत तर आईबापांचे भोग आणि स्वतःचे भोग एकमेकांत विणलेले आहेत. अठराव्या शतकातील राजाला विसाव्या शतकातील रोगनाव चिकटविणे अनुचितच होईल. आपल्याला इतकेच करावयाचे, की त्यांच्या कृतींमधला सारखेपणा पाहावा. पारदचे मूल, तळेगावची शोकाकुल माता, वारणेवर सापडलेली चुलती आणि बाळाजी विश्वनाथांचा मुलगा, या सर्वांशी ते एकाच रीतीने वागले. मुलाला घरापासून तोडावयाचे नाही, आणि स्त्रीला ओलीस धरावयाचे नाही.

घरापासून दूर, बदलीच्या गावी, मुले वाढविणाऱ्या वाचकांना यातली एक गोष्ट विशेष जाणवेल. आपल्या मुलांना आपण पराक्रम मुद्दाम सांगतो. त्यासाठी पोवाडे आहेत, शाळेतली पुस्तके आहेत. मागच्या पिढीने काय सोसले, कोणाला मागे ठेवले, कोणत्या रात्री कोणता निर्णय घेतला, हे मात्र आपण सांगत नाही, आणि न सांगताही ते मुलांपर्यंत पोहोचते. येसूबाईंनी छावणीत आपल्या मुलाला काय सांगितले असेल त्याची नोंद कोणा बखरकाराने केलेली नाही. ती नोंद शाहू महाराजांच्या राज्यकारभारातच आहे. चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी राज्य केले; त्या काळात मराठ्यांच्या फौजा नर्मदेपलीकडे पसरल्या, आणि साताऱ्यास बसलेल्या राजाच्या शब्दाला परस्परांचे वैरी असलेले सरदार मान देत राहिले. तलवारीच्या धाकाने तो मान मिळालेला नव्हता. या घरातून आपल्याला कोणी बाहेर काढणार नाही, ही खात्री त्यामागे होती; आणि ती देण्याची शक्ती एका अशा मुलाजवळ होती, ज्याचे स्वतःचे घर सातव्या वर्षी पडले होते.